पार्सलचे वजन, माप आणि खर्च : परगावी व परदेशी फराळ, पुस्तके पाठवणाऱ्यांसाठी माहिती

गणपती विसर्जन झाले की बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडी भागातल्या घरांत एक विषय हमखास निघतो : यंदा मुलांना फराळ कधी आणि कसा पाठवायचा? आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले-मुली पुण्या-मुंबईला, बेंगळूरला किंवा परदेशात आहेत. काहींची सैन्यात आहेत. घरोघरी डबे भरले जातात, खोके बांधले जातात, आणि मग काउंटरवर दरवर्षी तोच संवाद ऐकू येतो.

"मावशी, काट्यावर साडेतीन किलो भरलंय, पण बिल सहा किलोचं होणार."

"सहा कसं? मी घरी मोजूनच आणलंय की!"

मावशींचा काटा बरोबर असतो आणि काउंटरवरच्या मुलाचा हिशेबही बरोबर असतो. फरक पडतो तो खोक्याच्या मापामुळे. हा हिशेब घरीच समजून घेतला, तर तेवढ्याच पैशात जास्त फराळ जातो. म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे.

पार्सलला दोन वजने असतात

पहिले वजन काट्यावरचे, म्हणजे खरे वजन. दुसरे वजन खोक्याच्या लांबी, रुंदी आणि उंचीवरून काढतात. काउंटरवर त्याला 'व्हॉल्युमेट्रिक वजन' म्हणतात. आपण त्याला मापाचे वजन म्हणू. या दोहोंपैकी जे जास्त भरेल, त्यावर दर लागतो.

यामागचे कारण साधे आहे. विमानाची किंवा मालगाडीची जागा ठरलेली असते. चुरमुऱ्याची पोती भरली तर वजन नावापुरते होते, पण जागा संपते. मग वाहतूकदार जागेचेही पैसे घेतो.

पूर्वी असे नव्हते. भारतात १८५४ च्या टपाल कायद्यानंतर पत्रासाठी अंतर न बघता वजनानुसार एकच दर लागू झाला. पार्सलाच्या बाबतीतही लोकांच्या डोक्यात वजनाचाच हिशेब बसला. मांजरपाटाचे कापड शिवून, लाखेचे ठसे मारून पार्सल नेण्याचे दिवस अनेकांना आठवत असतील. मापाचा हिशेब विमानाच्या मालवाहतुकीतून कुरिअरमध्ये आला. अमेरिकेतल्या फेडएक्स आणि यूपीएस या कंपन्या जमिनीवरून जाणाऱ्या पार्सलांना हा नियम आधी फक्त ३ घनफुटांपेक्षा मोठ्या खोक्यांसाठी लावत. २०१५ च्या सुरुवातीपासून त्यांनी तो सर्वच खोक्यांना लावला. आज बहुतेक कुरिअर कंपन्यांत हीच पद्धत आहे.

मापाचे वजन कसे काढावे

खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. तिन्हींचा गुणाकार करा. त्याला ५००० ने भागा. उत्तर किलोमध्ये येते.

वरच्या मावशींचे खोके ४० × ३० × २५ सेंटिमीटरचे होते, असे धरू. गुणाकार ३०,००० होतो. भागिले ५००० म्हणजे ६ किलो. काट्यावर साडेतीन किलो, मापाने सहा. म्हणून बिल सहाचे.

मोजताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) माप खोक्याच्या बाहेरून घेतात. खोके फुगले असेल, तर फुगवट्यासकट मोजतात.

२) गोल डबा किंवा नळकांडे असेल, तर ते चौकोनी खोक्यासारखेच धरतात. कोपऱ्यांतल्या रिकाम्या जागेचेही पैसे पडतात.

३) वजन बहुधा पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत नेतात. ३ किलो ६० ग्रॅम भरले तर साडेतीन धरतात. त्यामुळे शेवटी टाकलेली चटणीची एक पुडी कधीकधी अर्ध्या किलोची किंमत घेऊन जाते.

५००० हा आकडा आंतरराष्ट्रीय कुरिअरमध्ये सर्रास चालतो. विमानाच्या साध्या मालवाहतुकीत ६००० ने भागतात. देशांतर्गत कंपन्यांचे आकडे वेगवेगळे असतात. भागायचा आकडा जितका लहान, तितके मापाचे वजन जास्त. वरचेच खोके ४००० ने भागले तर साडेसात किलो होते, ६००० ने भागले तर पाचच. म्हणून "किलोला किती?" एवढे विचारून भागत नाही. "कितीने भागता?" हेही विचारावे.

लिटरच्या डब्याची कसोटी

कोणता पदार्थ मापात महाग पडेल, हे स्वयंपाकघरातच कळू शकते. ५००० चा हिशेब म्हणजे ५ लिटर जागेला १ किलो, अर्थात १ लिटर जागेला २०० ग्रॅम. एक लिटरचा डबा घ्या, पदार्थाने भरा आणि डब्याचे वजन वजा करून पदार्थ तोला.

२०० ग्रॅमपेक्षा जास्त भरला, तर तो पदार्थ 'जड' : त्याला काट्यावरच्या वजनाचे पैसे पडतील. २०० पेक्षा कमी भरला, तर तो 'हलका' : त्याला जागेचे पैसे पडतील.

आपल्या भागात दोन्ही टोकांचे पदार्थ आहेत. बेळगावचा कुंदा, गोकाकचा करदंट, बेसनाचे लाडू, गूळ, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी हे सगळे जड. भडंग, पातळ पोह्यांचा चिवडा आणि बेळगावचे मांडे हे हलके. मांड्याची तर दुहेरी अडचण आहे. तो आकाराने मोठा आणि हाताळायला नाजूक. मोडू नये म्हणून भोवती भर घालावी लागते, आणि त्या भरीलाही जागा लागते. चकली, कडबोळी मधल्या गटात येतात : नीट रचून भरली तर जड, नुसती ओतली तर हलकी.

जड आणि हलके एकत्र भरावे

पुष्कळ घरांत नाजूक पदार्थांचे एक खोके आणि जड पदार्थांचे दुसरे, अशी वाटणी करतात. खर्चाच्या दृष्टीने ही वाटणी तोट्याची ठरते. एक उदाहरण पाहू.

पहिले खोके, चिवडा आणि भडंग : ३० × ३० × २५ सेंटिमीटर, खरे वजन २ किलो. मापाचे वजन साडेचार किलो. बिल साडेचारचे.

दुसरे खोके, लाडू, मेतकूट, मसाला आणि करदंट : २५ × २० × १५ सेंटिमीटर, खरे वजन ४ किलो. मापाचे वजन दीड किलो. बिल चारचे.

दोन्ही मिळून साडेआठ किलोचे बिल.

आता हे सगळे ४० × ३० × २५ च्या एकाच खोक्यात भरा. खरे वजन ६ किलो, मापाचे वजनही ६ किलो. बिल सहाचे. अडीच किलोचे पैसे वाचले, आणि पदार्थ एकही कमी झाला नाही. शिवाय पहिल्या अर्ध्या किलोचा दर पुढच्या अर्ध्या किलोंपेक्षा बहुधा जास्त असतो. दोन खोकी म्हणजे तो चढा दर दोनदा.

हे खोके मावशींच्याच खोक्याच्या मापाचे आहे. त्यांनी साडेतीन किलो भरून सहाचे पैसे दिले. त्यातच आणखी अडीच किलो लाडू-मसाला बसला असता, तर बिल तेवढेच झाले असते.

भरताना जड पदार्थ तळाला, हलके वर. लाडवांच्या डब्याखाली चिवडा गेला तर मुलांना चुराच मिळेल.

खोके आणि बांधणी

खोके थोडेसे लहान केले तरी मोठा फरक पडतो, कारण तिन्ही बाजू एकमेकींशी गुणल्या जातात. ४० × ३० × २५ च्या खोक्याची प्रत्येक बाजू ५ सेंटिमीटरने कमी केली, तर ते ३५ × २५ × २० होते. मापाचे वजन ६ वरून साडेतीन किलोवर येते. म्हणून दुकानातून आणलेले रिकामे खोके तसेच वापरू नये. आधी सामान रचून पाहावे. वर चार बोटे जागा उरत असेल, तर चारही कोपऱ्यांत सुरीने उभी चीर देऊन खोक्याची उंची कमी करावी आणि झाकणे नव्याने दुमडून चिकटपट्टी लावावी.

स्टीलचे डबे घरी शोभतात, पार्सलात नाही. त्यांचे वजन आपल्याच खिशातून जाते आणि गोल आकारामुळे मधली जागा वाया जाते. जाड प्लॅस्टिकच्या सीलबंद पिशव्या किंवा चौकोनी हलके डबे चांगले. हवा काढून सील करण्याची सोय मसाला, मेतकूट, चटणी यांना उपयोगी पडते. चिवड्याला ती वापरू नये, पोहे चिरडतात.

चकलीच्या डब्यातल्या फटी वर्तमानपत्राने भरण्याऐवजी भडंगाच्या लहान पुड्यांनी भराव्यात. भर म्हणूनही काम होते आणि ती खाताही येते. तेलकट पदार्थांना दुहेरी पिशवी हवी. तेल पुठ्ठ्यात झिरपले की खोके मऊ होते आणि वाटेत फुटते.

अंतराचा वाटा किती?

"निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, पण राज्य दुसरे, म्हणून जास्त पैसे पडत असतील," असा समज काहींचा आहे. स्पीड पोस्टचा दर राज्याच्या सीमेवर नव्हे, तर अंतराच्या टप्प्यांवर ठरतो : स्थानिक, २०० किलोमीटरपर्यंत, ५०० पर्यंत, १००० पर्यंत, २००० पर्यंत आणि त्यापुढे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टच्या कागदपत्रांचे दर बदलले. ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला गावातल्या गावात १९ रुपये, आणि गावाबाहेर भारतात कुठेही ४७ रुपये. २५१ ते ५०० ग्रॅमच्या पाकिटाला निपाणीहून कोल्हापूरसाठी ७० रुपये, बेळगावहून पुण्यासाठी ७५ आणि बेळगावहून दिल्लीसाठी ८६. यावर जीएसटी वेगळा. म्हणजे कोल्हापूर आणि दिल्ली यांत फरक १६ रुपयांचा, पण ५० ग्रॅमचे पाकीट ५०० ग्रॅमचे झाले तर कोल्हापूरलाच २३ रुपये वाढतात. अंतरापेक्षा वजन भारी पडते, ते असे. पार्सलांचे दर यापेक्षा वेगळे आहेत. ते टपाल कार्यालयात विचारून घ्यावेत.

जुन्या सभासदांच्या सवयीचे रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. खिडकीवर आता स्पीड पोस्टच सांगावे.

पुस्तके आणि दिवाळी अंक

सीमाभागात मराठी पुस्तक मागवणे आणि पाठवणे ही नुसती हौस नाही. नातवंडांची शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची असली, तर घरात येणारे पुस्तकच त्यांची मराठी टिकवते. पुस्तक मापाने लहान आणि वजनाने जड, त्यामुळे त्याला नेहमी काट्यावरच्या वजनाचेच पैसे पडतात आणि कुरिअरने ते महाग जाते.

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा पुस्तकांसाठी सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे दर तेव्हा जाहीर झाले. पार्सल जमिनीवरून जाते, म्हणून वेळ जास्त लागतो, पण कुठे पोहोचले ते पाहता येते. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते.

यात एक मेख आहे. जाहिराती असलेली प्रकाशने या सेवेत बसत नाहीत. त्यामुळे जाहिरातींनी भरलेले दिवाळी अंक ज्ञान पोस्टने पाठवता येणार नाहीत. पाच-सहा घरांनी मिळून अंक मागवावेत आणि एकच पार्सल आणवावे, हे परवडते. पुस्तकांच्या गठ्ठ्यात पत्र किंवा खाऊ घालू नये, नाहीतर सवलत जाते.

सैन्यातल्या मुलांसाठी, आणि जवळच्या गावांसाठी

आपल्या भागातल्या अनेक घरांतले जवान सीमेवर आहेत. ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असा पत्ता असेल, तर पार्सल टपालानेच जाते. खासगी कुरिअर तिथे पोहोचवत नाही. पत्त्यात क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट अचूक हवे. गावाचे नाव लिहू नये. पोहोचायला दिवस लागू शकतात, म्हणून करदंट, शेंगदाण्याचे लाडू, शंकरपाळे असे टिकाऊ आणि जड पदार्थ पाठवावेत.

कोल्हापूर, पुणे, गोवा, हुबळी या बाजूंना बसने किंवा ट्रॅव्हल्सने पार्सल पाठवण्याची जुनी पद्धत आहे. तिथे पुष्कळदा नगावर आणि अंदाजे आकारावर भाडे ठरते. हलक्या पण मोठ्या खोक्याला हे स्वस्त पडू शकते. मात्र सीमेवर वातावरण तापले की दोन्ही बाजूंच्या बसगाड्या थांबतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपण ते पाहिले. नाशवंत माल बसवर सोपवण्याआधी त्या दिवशीची चौकशी करावी. बेळगावला रेल्वेचा पर्याय आहे. निपाणीला रेल्वे नाही, तिथल्या सभासदांना कोल्हापूर किंवा मिरज गाठावे लागते. त्या फेरीचा खर्चही हिशेबात धरावा.

परदेशी पाठवताना

परदेशी पार्सलात किलोचा दर मोठा असतो, म्हणून वरचा हिशेब तिथे सर्वांत जास्त कामाला येतो. पण आधी पदार्थ चालतो का, ते पाहावे. अडवलेल्या पार्सलाचा सगळाच खर्च वाया जातो.

कुंदा खव्याचा. तो लवकर खराब होतो. शिवाय युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या खासगी पार्सलांतल्या दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांवर निर्बंध आहेत. कुंदा देशातल्या देशात, लवकर पोहोचेल अशाच सेवेने पाठवावा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बिया, दुधाचे पदार्थ, वनस्पतिजन्य वस्तू यांची तपासणी कडक असते. अमेरिकेत दुकानातून घेतलेल्या खाद्यपदार्थांची आगाऊ सूचना द्यावी लागते. घरी केलेला पदार्थ एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला भेट म्हणून पाठवला, तर त्या सूचनेतून सूट आहे. म्हणून यादीत नुसते 'स्नॅक्स' न लिहिता 'घरी केलेले बेसन लाडू, १ किलो' असे स्पष्ट लिहावे. निपाणीची ओळख असलेली तंबाखू आणि विडी पार्सलात घालू नये.

वेळही हाताशी ठेवावी. २०२५ साली अमेरिकेने आयातीचे नियम बदलले. ऑगस्टअखेर भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सले घेणे थांबवले आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केले. लक्ष्मीपूजन होते २१ ऑक्टोबरला. टपालाच्या भरवशावर राहिलेल्या घरांचा फराळ दिवाळीत पोहोचणे शक्यच नव्हते. पाठवण्याच्या आठवड्यात नव्हे, तर महिनाभर आधी नियम विचारावेत.

कोणी जाणार असेल तर

अमेरिकेच्या विमानप्रवासात इकॉनॉमी वर्गाच्या बॅगेला बहुतेक कंपन्यांत २३ किलोची मर्यादा असते आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत चालते. या मर्यादेत बसली की बॅग अर्धी रिकामी असो की गच्च भरलेली, मापाचे वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणून हलके पदार्थ जाणाऱ्याच्या बॅगेत द्यावेत आणि जड पदार्थ, पुस्तके, मसाले पार्सलाने पाठवावेत. शेजारच्या काकूंच्या मुलाबरोबर पाठवताना आपण नेमके उलटे करतो. किलोभर लाडू त्याच्या गळ्यात आणि भडंग कुरिअरने!

पार्सल नेण्यापूर्वी

• खोके बांधून झाल्यावर घरीच वजन आणि तिन्ही मापे लिहून ठेवावीत, मोबाइलवर फोटो काढावा.

• गुणाकार भागिले ५००० करून मापाचे वजन काढावे. ते खऱ्या वजनापेक्षा बरेच जास्त असेल, तर खोके लहान करावे किंवा त्यात जड पदार्थ वाढवावा.

• खरे वजन बरेच जास्त असेल, तर उरलेल्या फटींत चिवडा-भडंग बसतो का ते पाहावे. बिल वाढणार नाही इतपतच.

• काउंटरवर चार प्रश्न विचारावेत : कितीने भागता? वजन कुठपर्यंत वाढवून धरता? इंधन अधिभार आणि जीएसटी धरून एकूण किती? पोहोचल्यावर तिकडे कर कोण भरणार?

• निदान दोन ठिकाणी दर विचारावेत. टपाल आणि कुरिअर यांत कोण स्वस्त, हे खोक्यागणिक बदलते.

सरतेशेवटी एक गोष्ट. तिकडच्या शहरात आता चिवडा-चकली विकत मिळते, मग एवढा खटाटोप कशाला, असे मुले फोनवर म्हणतात. ती म्हणतात ते खरे आहे. म्हणून जे तिथे मिळते ते पाठवण्यात पैसे घालवू नयेत. घरच्या मसाल्याची पुडी, गोकाकचा करदंट, आजीच्या हातचे लाडू आणि नातवंडांसाठी दोन मराठी पुस्तके तिथे मिळत नाहीत. आणि योगायोग असा की या सगळ्या वस्तू 'जड' गटातल्या आहेत. लहान खोक्यात बसतात, रिकाम्या जागेचे पैसे पडू देत नाहीत.